एकतीस पिशव्या

साळूबाईच्या आल्याच्या रानात सकाळपासून तणाची भांगलण चालली होती. दोघीच होत्या. एक साळूबाई आणि दुसरी नाथाजी हवालदारांची सून रेश्मा. दोन्ही घरांचा पैरा होता. आज हिच्या रानात, परवा तिच्या. भादव्याचं ऊन ढगाआडून मधूनच चटका देऊन जायचं आणि अंगातलं कापड पाठीला चिकटून बसायचं. साळूबाई एका ओळीला बसली की ती ओळ संपवूनच उठायची. रेश्माचं तसं नव्हतं. दहा हात भांगललं की ती उठायची, कंबर मोडायची, पलीकडच्या वाफ्यावर जाऊन पानं चाळायची आणि परत येऊन भलत्याच ओळीला बसायची.

“आगं, मुंग्या चावत्यात का तुला? एका जाग्याला बस की,” साळूबाई म्हणाली.

रेश्मा बसली. पण नजर पानांवरून हटेना. खालच्या पानांच्या कडा करपून तांबूस झाल्या होत्या आणि पिवळेपणा आत आत शिरत चालला होता. बांधाच्या पलीकडं मायाचं आलं कंबरेला लागलं होतं. साळूबाईचं गुडघ्याच्या वर जेमतेम. दोन्ही रानांची लागण एकाच आठवड्यातली, बेणंही एकाच ठिकाणचं.

साळूबाईनं खुरप्याच्या टोकानं एका बुडाची माती उकरली, दोन बोटांनी गड्डा मोकळा केला आणि रेश्मापुढं धरला. गड्डा कसला, करंगळीएवढी बोटं होती. फिकट.

“चार म्हैनं झालं. आत्तापतूर मुठीत मावला न्हाय पायजे. तू मास्तरीण हायस, सांग मला. पाणी कमी पडलं का?”

“न्हाई काकी.”

“मग सड म्हणावी तर बुडाला वास न्हाई. माती तपासल्याच्या कार्डात लिव्हल्याबरहुकूम समदं केलं. तुझ्या सासऱ्यानं सांगितलं, साळू, तुझ्या रानात कर्ब, म्हंजे मातीचा कस, उतू चाललाय, शेणखत घालू नगं. म्या न्हाई घातलं. दोन ट्राल्या खत लेकीच्या रानात धाडलं. पालाश घालू नगं म्हणलं, ते बी न्हाई घातलं. मग ह्याला झालंय तरी काय?”

रेश्मानं गड्डा हातात घेतला, परत मातीत ठेवला, वर माती लोटली आणि तळहातानं दाबली. तिला काय झालंय ते ठाऊक होतं. त्याचं मूळ मार्चात होतं.

रहिमतपूरपासून चार कोसांवरच्या या वाडीत रेश्मा कृषी सखी म्हणून नेमली गेली त्याला दोन वर्षं झाली होती. नवरा वीरधवल पलटणीत, लांब आसामात. घरात सासू-सासरे आणि ती. सहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली तेव्हा माती म्हणजे काय हे तिला पहिल्यांदा कळल्यासारखं झालं होतं. आपण जिच्यावर चालतो, थुंकतो, जिच्यात पाचट पेटवतो, ती भुकेजते, दमते, आजारी पडते. ती घरोघर जाऊन सांगायची. बापयमाणसं हसायची, पण बाया ऐकायच्या. साळूबाई तर सगळ्यात पुढं बसायची.

गेल्या मार्चात गावातल्या एकशेवीस शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने काढायचं काम तिच्याकडं आलं. एकोणनव्वद तिनं असे काढले की प्रशिक्षणातल्या साहेबांनी पाहिले असते तर पाठ थोपटली असती. रानात नागमोडी चालायचं, आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, खड्ड्याच्या कडेची माती खुरप्यानं तासायची. बांध, झाड, विहीर, खताची जागा टाळायची. सगळी माती घमेल्यात एक करायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत चार वाटे. अर्धा किलो उरली की सावलीत वाळवायची आणि कापडी पिशवीत भरायची. बोटांची नखं मुळापर्यंत काळी झाली होती.

आणि मग मार्च संपायला तीन दिवस राहिले असताना अवकाळी कोसळला. दोन दिवस धरून पाऊस. रानात पाय घातला की पोटरीपर्यंत चिखल. सासूबाई बनुबाई तापानं फणफणलेल्या. प्रयोगशाळेचा माणूस शेवटची गाडी घेऊन सकाळी दहाला येणार होता आणि ऑफिसातून दिवसातून तीनदा फोन यायचा, एकशेवीस म्हणजे एकशेवीसच. रेश्मा छत्री घेऊन एकतीस रानांत गेली, प्रत्येक रानात उभी राहून मोबाइलवर फोटो काढला. फोटो खरे होते. माती मात्र कुठंच कोरडी नव्हती. कोरडी होती ती एकाच ठिकाणी, घरामागं गोठ्याच्या छपराखाली, उकिरड्याच्या कडेला. तिथली माती तिनं घमेल्यात भरली, एक केली आणि एकतीस पिशव्यांत वाटली. शेवटची पिशवी घरच्याच रानाची होती. आपलंच रान, कधीही काढू म्हणून ती मागं ठेवली होती.

मे महिन्यात कार्डं आली. एकतीस घरांत आनंद झाला.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो नाथाजींना. हा गडी पलटणीतून रिटायर होऊन आला तेव्हापासून सुनेच्या मातीच्या गोष्टींना ‘चिखलाची शाळा’ म्हणायचा. पण कार्डावर ‘सेंद्रिय कर्ब, अत्यंत जास्त’ असं छापून आलं आणि हवालदार बदलले. ते कार्ड त्यांनी रहिमतपुरातून लॅमिनेशन करून आणलं. आपल्या रानात एवढी दौलत असताना आपण पाचट पेटवतो म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी त्या वर्षी काडी लावली नाही. व्हिडिओ बघून खताचा ढीग रचायला शिकले. मंगळवारी वीज नसायची, तर मंगळवारी दुपारनंतर त्यांच्या जांभळाखाली वर्ग भरू लागला. सुनेचं जे ऐकायला लोक येत नसत, ते हवालदारांचं ऐकायला येऊ लागले. काठीनं जमिनीवर आकृत्या काढून नाथाजी मुळं, गांडुळं, कर्ब समजावून सांगायचे आणि रेश्मा लोकांना चहा द्यायची. खोट्या आकड्यानं माणूस सुधारला होता. ते मोडायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. पाऊस पडला की आपोआप सगळं ठीक होईल असंही तिला मधे वाटून गेलं होतं.

दुपारी ती साळूबाईच्या रानातून घरी आली तर नाथाजी सोप्यात पुठ्ठा पसरून बसले होते. शेजारी कार्डांची चळत.

“हातपाय धू आन् ये. शिवाराचा नकाशा करतोय. कुणाच्या रानात काय कमी, काय जास्त, एका नजरंत दिसलं पायजे. उद्या वर्गात लावायचाय. तू वाच, मी लिव्हतो.”

रेश्मा पदराला हात पुसत खाली बसली. वरची काही कार्डं खरी होती. कर्ब शून्य पूर्णांक एक्केचाळीस. शून्य पूर्णांक पंचावन्न. तिचा आवाज सरळ चालला. मग साळूबाईचं कार्ड आलं.

“एक पूर्णांक बेचाळीस,” ती म्हणाली.

“वा. आपल्याइतकाच. फुडं?”

“एक पूर्णांक… एक्केचाळीस.”

“आरं तिच्या.”

तिसरं बेचाळीस, चौथं त्रेचाळीस. पाचव्याला नाथाजींनी लिहिता लिहिता मान वर केली. सातव्याला रेश्मा म्हणाली, “शून्य पूर्णांक शहाण्णव.” कार्डावर नसलेला आकडा सहज बाहेर आला. आठव्यालाही तिनं काहीतरी सांगितलं. नाथाजींनी हात पुढं केला. “आन बगू हिकडं.” त्यांनी कार्ड चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

“हितं एक पूर्णांक बेचाळीसच हाय की. डोळं तपासून घे गं पोरी.”

मग ते वाचून घेईनात. स्वतःच एकेक कार्ड उचलून मांडू लागले, पलटणीत किट मांडतात तसं, ओळीत. सोपा भरला. एकतीस कार्डं एका बाजूला झाली. कर्ब, पालाश, जस्त, लोह, सामू, सगळं जवळजवळ एक. नाथाजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ काचा पुसल्या.

“ओढ्याकाठचं बिराप्पाचं रान आन् माळावरचं मायाचं रान, ह्येंची माती एक? पोटच्या दोन पोरांचं रगात एक निघत न्हाई.” त्यांचा आवाज खाली आला. “लॅबवाल्यानं एकच पिशवी तपासली आन् एकतीस कार्डं छापली. त्यो गाडीवाला कोण गं? तासगावचा?”

“भरतेश चौगुले,” रेश्मा म्हणाली.

“त्योच. पिशव्या वाटंत फेकून दिल्या असतील भडव्यानं.”

“आवं, शिव्या कशाला?” आतून बनुबाई म्हणाल्या.

“लोकांनी माझ्या शब्दावर खत न्हाई घातलं. माझ्या शब्दावर!” नाथाजी उठले, खुंटीवरची वही काढली आणि रेश्मापुढं टाकली. “लिव्ह अर्ज. तुझं अक्षर चांगलं हाय. उद्या वर्गात वाचून दाखव, समद्यांच्या सह्या घिऊ. बुधवारी मी स्वता साताऱ्याला जातो. त्येची नोकरी घालवल्याबिगर ऱ्हात न्हाई.”

तिनं लिहिलं. ‘सदर कर्मचाऱ्याने शेतकऱ्यांची घोर फसवणूक केली असून’ हे वाक्य नाथाजींनी सांगितलं तसं लिहिलं. भरतेशचं नाव लिहिताना पेन दोनदा अडलं, तिनं झटकलं आणि लिहिलं. शाई बोटाला लागली. नाथाजींनी वाचून पाहिलं, मान हलवली आणि अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

दिवस कलायच्या आत ती गोठ्यामागं गेली आणि तिनं भरतेशला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

“बोला वहिनी, कसं काय?” भरतेशचा आवाज मोकळा होता. मागं भांड्यांचा आवाज येत होता. जैन घरातला, तो दिवस असतानाच जेवायचा. “जेवाय बसलोय. काय काम होतं?”

“काय न्हाई. असंच. आमच्या गावच्या पिशव्या… काय तक्रार नव्हती न्हवं?”

“तुमची तक्रार? वहिनी, ट्रेनिंगला मी तुमचंच नाव घेतो. कुणाच्या पिशवीत गवत, कुणाच्या पिशवीत खडे, कुणाची ओली गच्च. तुमची माती चाळल्यासारखी. ते शेवटचे एकतीस तर पावसात. एवढ्या पावसात कोरडी माती आणली म्हणल्यावर मी सगळ्यांना सांगतो, काम करायचं तर असं.”

तिनं फोन कानापासून लांब धरला.

“वहिनी? रेंज गेली का?”

तिनं फोन बंद केला. मग तिनं गोठा झाडला. झाडलेला परत झाडला. म्हशीला पाणी दाखवलं, म्हैस पीत नव्हती तरी बादली पुढं धरून उभी राहिली. बनुबाई दारात येऊन बघत होत्या.

“काय चाललंय तुझं? सकाळधरनं बगतीया, घडीभर टेकली न्हाईस.”

“काय न्हाई आत्या.”

“अंगात कणकण हाय का?”

“न्हाई म्हणलं न्हवं!” ती तोडून बोलली. आजवर सासूशी अशी कधी बोलली नव्हती. बनुबाई आत गेल्या.

मंगळवारी सकाळी नाथाजी खताचा ढीग पलटायला उतरले. उकिरड्याच्या जागीच आता त्यांनी चौकोनी ढीग रचला होता, पाचटाचा थर, शेणाचा थर, मातीचा थर, मोजून. महिन्यातून एकदा तो पलटावा लागायचा. नाथाजींचा उजवा खांदा पूर्वी निखळलेला, दाताळं वर उचलताना ते तोंड वाकडं करायचे. रेश्मा खाली पडलेलं घमेल्यानं भरून पलीकडं टाकत होती. ढिगातून वाफ निघत होती. दोघं घामानं निथळले होते.

“वास बग,” नाथाजी म्हणाले. “शेणाचा वास गेला. मातीचा याय लागला. आज वर्गात एक मूठ न्हिऊ. आन् अर्ज तू खणखणीत वाच. आवाज बसवू नगंस.”

“मामा.”

“हं.”

“ती लॅबची चूक न्हाई.”

दाताळं ढिगात गेलं, वर आलं. “मग कुणाची?”

“माझी.”

नाथाजी पलटत राहिले. बहुतेक त्यांना वाटलं असावं, सून कार्ड वाचताना चुकली त्याबद्दल बोलतेय. रेश्मानं घमेलं खाली ठेवलं. ती घमेल्याच्या कडेवर हात टेकून उकिडवी बसली.

“मार्चात पाऊस झाला तवा. रानात माती भिजली हुती. मी एकाच जागंची माती एकतीस पिशव्यांत भरली. भरतेशभावजींचा त्यात काय बी हात न्हाई. त्येंनी दिलं तेच तपासलं.”

आता दाताळं थांबलं.

“एकतीस?”

“व्हय.”

“कुटली माती?”

तिनं हात खाली केला आणि दोघं उभे होते त्या जमिनीवर तळवा ठेवला.

नाथाजींनी खाली पाहिलं. आपल्या पायांकडं, पायाखालच्या काळ्या, भुसभुशीत, वर्षानुवर्षं शेणमूत मुरलेल्या मातीकडं. मग त्यांनी दाताळं ढिगाला टेकवून उभं केलं. ते नीट उभं राहीना, पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

“माझ्या रानाची पिशवी बी?”

“तुमची बी.”

ते छपराच्या मेढीला पाठ लावून बसले. म्हैस रवंथ करत त्यांच्याकडं बघत होती. रेश्माला वाटत होतं त्यांनी ओरडावं, दाताळं फेकावं, काहीही करावं.

“चार म्हैनं मी लोकांना उकिरड्याचं कार्ड दावतोय,” ते म्हणाले. “आन् तू च्या दितीयास.”

“मला सांगायचं हुतं.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुमी पाचट पेटवायचं सोडलं. वर्ग सुरू केला. मला वाटलं…”

“मला येडं करून शाणं केलंस व्हय?” आता आवाज चढला. बनुबाई मागल्या दारात आल्या. “माझं जाऊ दे. त्या साळूचं काय? घरात एकटी बाई. तिचं वर्साचं पीक बसलं. सांग की!”

नाथाजींनी खिशातला अर्ज काढला, फाडला नाही, तिच्या घमेल्यात टाकला.

“पलटणीत चूक झाली तर फॉलिनमदी समद्या रांगंच्या म्होरं यिऊन सांगाय लागायचं. आज चारला म्होरं ये.”

“आवं, तिची अब्रू…” बनुबाई म्हणाल्या.

“तू गप. अब्रूला काय धरून बसलीस.”

चारला जांभळाखाली वीस-बावीस माणसं जमली. नाथाजी रोजच्यासारखे उभे राहिले नाहीत. खाली, लोकांत बसले. रेश्मा पुढं आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, परत केला. सांगायला सुरुवात केली तेव्हा लोकांना वाटलं पावसाचं काही सांगतेय. मग शब्द कळत गेले तशी कुजबूज थांबली. ती सगळं बोलली. ऑफिसचे फोन सांगितले नाहीत, सासूचा ताप सांगितला नाही. ते सांगितलं तर ते कारण होईल, असं तिला वाटलं.

पहिल्यांदा बिराप्पा हसला. मेंढरं सोडून शेतीत उतरलेला माणूस, त्याचं हसूही मोठं. “म्हंजे हवालदार, तुमच्या म्हशीच्या मुताचं कार्ड लॅमिनेशन क्येलं म्हणा की!”

दोघं-तिघं खिदळले. नाथाजी जमिनीकडं बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आमी कार्ड वाचलंच न्हाई,” माया म्हणाली. “दरसाल टाकतो तसं खत टाकलं. वाचलं असतं तर मेलो असतो.”

ज्यांनी वाचलं होतं ते हसत नव्हते. साळूबाई पहिल्या रांगेत होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

“म्हंजे माझ्या रानात काय हाय, ते तुला ठावं न्हाई?”

“न्हाई काकी.”

“काल माझ्या आल्यात बसून भांगललंस. म्या इचारलं, काय झालंय. तवा बी ठावं हुतं?”

“व्हय.”

“काय झालंय त्याला?”

“भूक लागलीया, काकी. आपण जेवाय घातलंच न्हाई.”

“आपण न्हवं,” साळूबाई म्हणाली. “तू.”

ती जोडे पायात घालून बांधाबांधानं निघून गेली. बाकीचेही उठले. चहा तसाच राहिला.

त्या आठवड्यात रेश्मानं स्वतःच्या नावानं ऑफिसला पत्र लिहिलं. तिचं काम काढून घेतलं गेलं, मोबाइलवरची कामाची नोंद बंद झाली. वीरधवलचा फोन आला. “आबांना कशाला सांगत बसलीस? दाबून टाकायचं,” तो म्हणाला आणि तिनं “जेवलासा का?” विचारून विषय बदलला. भरतेशला तिनं फोन करून सगळं सांगितलं. “बरं केलं सांगितलं,” एवढंच तो म्हणाला. आवाजात पूर्वीचा मोकळेपणा नव्हता.

नाथाजी तिच्याशी बोलत नव्हते. भाकरी हवी असली तरी “आगं, भाकरी वाढाय सांग,” असं बनुबाईंना म्हणायचे आणि रेश्मा समोरच असायची. पण चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मुरलेल्या खताच्या बाजूला दोन घमेली आणि दोन चुंबळी ठेवल्या. एक चुंबळ स्वतःच्या डोक्यावर घेतली. दुसरी तशीच ठेवून चालू लागले. रेश्मानं ती उचलली.

उभ्या आल्यात ट्रॅक्टर जात नाही. रस्त्यापासून साळूबाईच्या रानापर्यंत दोन बांध आणि एक पाट. सात दिवस सासरा-सून खत वाहत होते. निसरड्या बांधावर रेश्मा दोनदा पडली. खांद्यामुळं नाथाजींना घमेलं डोक्यावर चढवता येत नसे. रेश्मा चढवू लागली की ते मान दुसरीकडं फिरवायचे, पण वाकायचे. ओळींच्या मधून खत पसरायचं, वर माती ओढून भर लावायची. नखांत खत जाऊन बोटं सुजली. साळूबाई ‘या’ म्हणाली नाही आणि ‘जा’ही म्हणाली नाही. दुपारी ती तांब्या घेऊन यायची, नाथाजींना पाणी द्यायची आणि तांब्या घेऊन परत जायची. रेश्मा पाटाच्या पाण्यानं तोंड धुवायची आणि तहान घरापर्यंत तशीच न्यायची. सातव्या दिवशीही तसंच झालं.

पुढच्या मंगळवारी नाथाजी जांभळाखाली जाऊन बसले. दोघंच आले. त्याच्या पुढच्या मंगळवारी चौघं. दिवाळीनंतर ऊस तुटून त्यांचं एक रान मोकळं झालं, तेव्हा त्यांनी स्वतः आठ खड्डे घेऊन माती काढली आणि एसटीनं जाऊन प्रयोगशाळेत दिली. निकाल आला तो त्यांनी वर्गात उभं राहून वाचला. “सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक अडतीस. कमी. माझं रान गावातल्या निम्म्या रानांपरास भुकं हाय. आता फुडं बोलू.” बिराप्पा आला होता. तो हसला नाही.

माघात साळूबाईचं आलं निघालं. उशिरा घातलेल्या खतानं थोडं सावरलं होतं, पण मायाच्या रानाच्या मानानं निम्मंच. काढणीला रेश्मा गेली. पैरा मोडायचा तर साळूबाईनं मोडावा, असं तिनं ठरवलं होतं. साळूबाईनं मोडला नाही. दिवसभर शेजारी बसून गड्ड्यांची माती झाडली, पण बोलली ती कामापुरतं.

मार्च लागला. रान नांगरून मोकळं पडलं होतं. एके सकाळी साळूबाई हवालदारांच्या दारात आली. खांद्यावर कुदळ, काखेत घमेलं.

“चल,” ती रेश्माला म्हणाली.

रेश्मा खुरपं घेऊन मागून निघाली. रानात पोहोचताच साळूबाईनं तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

“हात लावू नगंस. बांधावर हुबी ऱ्हा आन् तोंडानं सांग.”

रेश्मा बांधावर उभी राहिली. हातांचं काय करावं ते कळेना. कमरेवर ठेवले, मागं बांधले, परत सोडले.

“पयला खड्डा कुटं?”

“त्या कोपऱ्यापासनं दहा पावलं आत. बांधाजवळ न्हाई.”

“का न्हाई?”

“बांधावर जनावरं बसत्यात. माती निराळी असती.”

साळूबाईनं कुदळ मारली. हाडकुळे हात, पण घाव नेमका. “किती खोल?”

“वीतभर. आता कडंची माती तासा. वरनं खालपतूर एकसारखी. तळातली न्हाई.”

“ही?”

“थोडी जाड हाय. पातळ घ्या.”

एक खड्डा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला साळूबाई चिंचेच्या सावलीत शिरली, तेव्हा रेश्माचे पाय आपोआप उतरले. “तितं नगं!” ती ओरडली आणि रानात दोन पावलं आली. साळूबाईनं नुसतं पाहिलं. रेश्मा मागं सरून बांधावर चढली. “झाडाखाली नगं, काकी. पाला कुजतो. डावीकडं जावा.”

आठ खड्डे व्हायला ऊन डोक्यावर आलं. साळूबाईनं माती घमेल्यात मिसळली, चार वाटे केले, सांगितल्यावर दोन टाकून दिले, परत चार केले. ढेकळं बोटांनी फोडली. मधे तिनं एकदा मूठ नाकाशी नेली आणि हुंगली. कपाळावरचा घाम माती लागलेल्या मनगटानं पुसला. रेश्मा बांधावर उभ्या जागी पाय बदलत होती. तिचे हात त्या मातीसाठी वळवळत होते.

“झालं?” साळूबाईनं विचारलं.

“झालं. आता सावलीत वाळवा. दोन दिवस.”

“म्या वाळवती. म्याच न्हिती. कुणाच्या गाडीत देत न्हाई.”

“बरं.”

साळूबाईनं घमेलं कमरेवर घेतलं आणि रेश्माच्या शेजारून बांध चढून गेली. जाताना थांबली नाही.

रेश्मा वाटेकडं वळली. तेवढ्यात पलीकडच्या रानातून हाक आली. माया कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. तिच्या पायाशी कुदळ पडली होती.

“ए रेश्मा! माज्या रानात ये की. हात लावू नगंस, पर ये.”

रेश्मानं पदर खोचला आणि बांध ओलांडला.